गॅरी शँडलिंग: आधी लेखक, मग विनोदकार, मग पुन्हा लेखक

आपल्याकडच्या बऱ्याच प्रेक्षकांनी गॅरी शँडलिंगला पाहिलेले असते, पण त्याचे नाव त्यांना ठाऊक नसते. २०१० साली आलेल्या ‘आयर्न मॅन २’मध्ये टोनी स्टार्कला सिनेटच्या समितीपुढे बोलावून त्याचा तो चिलखती पोशाख सरकारच्या स्वाधीन करण्याचा आग्रह धरणारा, चेहऱ्यावर सदैव एक तुपकट हसू बाळगणारा सिनेटर स्टर्न म्हणजे शँडलिंग. चार वर्षांनी कॅप्टन अमेरिकाच्या दुसऱ्या चित्रपटातही हाच सिनेटर डोकावून जातो. त्याच्या कारकिर्दीच्या हिशेबात मात्र या दोन्ही भूमिका किरकोळ खात्यात जमा कराव्या लागतील. त्याचे खरे काम सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून १९९८ पर्यंतचे आहे, आणि ते बहुतांशी लेखकाचे काम आहे. स्टँड-अप विनोदकार म्हणून तो प्रसिद्ध झाला, सूत्रसंचालक म्हणून त्याला मोठमोठी बोलावणी आली, अभिनेता म्हणून नामांकनेही मिळाली. तरीही प्रत्येक वळणावर त्याने जो निर्णय घेतला तो का घेतला हे समजून घ्यायचे असेल, तर त्याच्याकडे आधी लेखक म्हणून पाहावे लागते, असे माझे मत त्याच्या मालिका पुन्हापुन्हा पाहून बनले आहे.

शँडलिंगचा जन्म २९ नोव्हेंबर १९४९ रोजी शिकागोत झाला, पण तो वाढला ॲरिझोनातल्या टुसॉन या वाळवंटी शहरात. थोरला भाऊ बॅरी याला सिस्टिक फायब्रोसिस हा असाध्य आनुवंशिक आजार होता, आणि त्याच्या उपचारांसाठी कुटुंबाने तिकडे बिऱ्हाड हलवले होते. गॅरी दहा वर्षांचा असताना बॅरी गेला. धाकट्याला अंत्यविधीला नेले गेले नाही, आणि त्यानंतर घरात त्या विषयावर मोकळेपणाने बोलणेही झाले नाही. त्याच्या साऱ्या विनोदाचे मूळ या एका घटनेत शोधण्याचा मोह पुष्कळांना झाला आहे. मी तो टाळतो, कारण लहानपणी दुःख सोसलेली सगळीच मुले काही विनोदकार होत नाहीत. मनातले मनातच ठेवून भलतेच काहीतरी बोलत राहणारी माणसे हा त्याचा आयुष्यभराचा विषय त्याला घरातच भेटला, एवढे मात्र म्हणता येईल.

ॲरिझोना विद्यापीठात त्याने प्रथम इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला आणि मग ते सोडून मार्केटिंगची पदवी घेतली. (इंजिनिअरिंगकडे पाठ फिरवून विनोदाकडे वळण्याची प्रथा आपल्याकडच्या स्टँड-अपवाल्यांनी सुरू केली, असा कुणाचा समज असल्यास तो दूर व्हावा.) एकोणिसाव्या वर्षी सुमारे दोन तास गाडी चालवून तो फीनिक्सला गेला, तिथल्या एका क्लबमध्ये कार्यक्रम करत असलेल्या जॉर्ज कार्लिनला त्याने गाठले आणि स्वतः लिहिलेले विनोद त्याच्या हाती ठेवले. कार्लिनने दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. तेवढेच अंतर कापून तो पुन्हा गेला, तेव्हा कार्लिनने सगळी पाने वाचून त्यांवर खुणा करून ठेवल्या होत्या, आणि यात काहीतरी आहे, हे सोडू नकोस, असे त्याने या अनोळखी मुलाला सांगितले. या प्रसंगातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की शँडलिंग कार्लिनकडे मंचावर उभे राहण्याची संधी मागायला गेला नव्हता. तो कागद घेऊन गेला होता.

१९७३ साली तो लॉस एंजेलिसला आला, काही काळ त्याने जाहिरात संस्थेत नोकरी केली आणि मग एनबीसीवरच्या ‘सॅनफर्ड अँड सन’ या लोकप्रिय मालिकेला एक संहिता विकली. वॉट्स भागात भंगाराचा धंदा करणाऱ्या कृष्णवर्णीय बाप-लेकाची ही मालिका एका ब्रिटिश मालिकेवर बेतलेली होती, आणि रेड फॉक्स या मुरलेल्या विनोदवीराच्या जोरावर ती चालत होती. टुसॉनहून आलेल्या एका ज्यू तरुणाने रेड फॉक्सच्या तोंडी वाक्ये घालायची, हे वरवर विजोड वाटते. पण त्या काळचे सिटकॉम-लेखन, म्हणजे अर्ध्या तासाच्या विनोदी मालिकांचे लेखन, ही बरीचशी कारागिरी होती. पात्रांचे स्वभाव ठरलेले, दिवाणखान्यातला सोफा ठरलेला, अमुक पानावर अडचण आणि तमुक पानावर सुटका हेही ठरलेले, आणि मधल्या जागेत दर दोन-तीन वाक्यांनंतर हशा आलाच पाहिजे अशी अट. शँडलिंगला ही कारागिरी जमत होती. ‘वेलकम बॅक, कॉटर’ या दुसऱ्या गाजलेल्या मालिकेसाठीही त्याने लिहिले. पुढे ‘थ्रीज कंपनी’ या मालिकेच्या कथाबैठकीत एका वाक्यावर तिथला निर्माता म्हणाला, की क्रिसी असे बोलणार नाही. क्रिसी म्हणजे त्या मालिकेतली भाबडी, सोनेरी केसांची तरुणी. ते ऐकून आपण जागच्या जागी थिजलो आणि त्यानंतर दुसऱ्याच्या मालिकेसाठी लिहिण्याचे काम घेतले नाही, असे शँडलिंगने नंतर सांगितले आहे.

त्या निर्मात्याचे फार चुकले होते असे मला वाटत नाही. हे पात्र असे बोलेल का, हा नाट्यलेखनातला अगदी रास्त प्रश्न आहे. अडचण एवढीच, की क्रिसी नावाची बाई त्या संहितेत कुठे नव्हतीच. होत्या त्या चार-पाच लकबी, आणि ‘असे बोलणार नाही’ याचा अर्थ ‘आजवरच्या भागांत असे बोललेली नाही’ इतकाच होता. पंधराएक वर्षांनी शँडलिंग स्वतः निर्माता झाला, तेव्हा हाच प्रश्न तो आपल्या लेखकांना रात्रंदिवस विचारू लागला. फक्त तोवर त्या प्रश्नाचा रोख पार उलटा झाला होता.

१९७७ साली बेव्हर्ली हिल्समध्ये त्याला मोटारीचा भीषण अपघात झाला. प्लीहेला जबर इजा झाली, दोन दिवस जीव टांगणीला लागला आणि पुढचे दोन आठवडे रुग्णालयात गेले. गॅरी शँडलिंगचे आयुष्य पुढे चालू ठेवायचे आहे का, असे त्या अवस्थेत आपल्याला कुणीतरी विचारले आणि आपण हो म्हणालो, असे तो सांगत असे. अशा अनुभवाच्या खरेखोटेपणाबद्दल तिऱ्हाइताने काय बोलावे? पण सांगण्याची रीत पाहण्यासारखी आहे. मरणाच्या उंबऱ्यावरही हा माणूस स्वतःकडे, पुढचा भाग लिहायचा की नाही हे ठरवायचे असलेल्या एखाद्या पात्राकडे पाहावे तसा पाहत होता.

बरा झाल्यावर १९७८ पासून तो सनसेट बुलेव्हार्डवरच्या ‘कॉमेडी स्टोअर’मध्ये उभा राहू लागला. मिट्झी शोअर चालवत असलेला हा क्लब म्हणजे त्या पिढीच्या विनोदकारांचा आखाडा होता, पण तिथे त्यांना मानधन मिळत नसे. क्लब ही शाळा आहे आणि शिकणाऱ्याला पगार कसला, असा मालकीणबाईंचा युक्तिवाद होता. १९७९ च्या वसंत ऋतूत विनोदकारांनी तिथे संप पुकारला आणि सुमारे सहा आठवड्यांनी दर कार्यक्रमामागे २५ डॉलर या बोलीवर तो मिटला. शँडलिंग या संपात सामील झाला नाही. दाराशी उभ्या असलेल्या सहकाऱ्यांची फळी ओलांडून तो आत जात राहिला आणि कार्यक्रम करत राहिला, आणि संपात उतरलेल्यांना ते विसरता आले नाही. त्याच्या चाहत्यांच्या लेखनात ही गोष्ट बहुधा अर्ध्या ओळीत उरकलेली असते. मला ती उरकावीशी वाटत नाही, कारण मनोरंजनाच्या धंद्यातल्या आप्पलपोटेपणाचे त्याने पुढे जे इतके बारीक चित्रण केले, तो आप्पलपोटेपणा त्याला केवळ दुसऱ्यांकडे पाहून कळलेला नव्हता.

मंचावरचा त्याचा अवतार ठरलेला होता: केस नीट बसले आहेत ना या काळजीत असलेला, दात दाखवत अवघडल्यासारखे हसणारा, प्रेमात हमखास आपटणारा अविवाहित पुरुष. मला म्हणे कुणाशी जवळीक साधता येत नाही, असे मित्र म्हणतात, पण ते मला कुठे एवढे ओळखतात, हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध विनोद. यात शिवी नाही, नक्कल नाही, आवाजाचा खेळ नाही. वाक्याच्या पहिल्या भागात आरोप आहे, दुसऱ्या भागात त्याचे खंडन आहे, आणि त्या खंडनातूनच आरोप सिद्ध होतो. असे वाक्य माइकसमोर उभे राहून सुचत नाही. ते टेबलाशी बसून घडवावे लागते. लोकांना तो बोलता बोलता काहीतरी निसटून गेल्यासारखा वाटे, ही त्याची अभिनयातली कमाई, आणि त्या निसटण्याची जागा अक्षरागणिक ठरलेली असे, ही लेखनातली.

१८ मार्च १९८१ रोजी तो जॉनी कार्सनच्या ‘टुनाइट शो’ या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात पहिल्यांदा आला. त्या काळी अमेरिकेत विनोदकाराच्या आयुष्याचे दोन भाग पडत, कार्सनपूर्व आणि कार्सनोत्तर. शँडलिंग तिथे वारंवार दिसू लागला आणि कार्सन रजेवर असला की त्याच्या खुर्चीत बसणाऱ्या मोजक्या लोकांत त्याची गणना होऊ लागली. त्या खुर्चीचा वारसा आज ना उद्या त्याच्याकडे येईल अशी चर्चा होती. १९८७ साली मात्र स्वतःच्या मालिकेला वेळ देता यावा म्हणून त्याने हे काम सोडले आणि ती जागा एकट्या जे लेनोकडे गेली. लेनोला पुढे तीच खुर्ची कायमची मिळाली, आणि तिच्यावरून झालेली भांडणे अमेरिकेत दोन दशके गाजत राहिली. शँडलिंगला त्या खुर्चीत बसणाऱ्याच्या पोटात काय कालवाकालव होते याचे साहित्य तेवढे मिळाले, आणि माझ्या मते खुर्चीपेक्षा ते अधिक मोलाचे होते.

ज्या मालिकेसाठी त्याने हे केले तिचे नावच ‘इट्स गॅरी शँडलिंग्ज शो’ असे होते. ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’मध्ये तयार झालेल्या ॲलन झ्वायबेल या लेखकाबरोबर त्याने ती घडवली आणि १९८६ ते १९९० या काळात शोटाइम या केबल वाहिनीवर तिचे ७२ भाग झाले. तीत गॅरी शँडलिंग नावाचा एक विनोदकार शर्मन ओक्समधल्या घरात राहतो, घराचा सेट त्याच्या खऱ्या घरासारखाच आहे, आणि आपण मालिकेत आहोत हे त्याला पक्के माहीत आहे. तो मधेच प्रेक्षकांकडे वळून बोलतो, पुढचा प्रसंग कधी घडतो आहे हे सांगून टाकतो, आणि आपण बाहेर जातो आहोत तोवर तुम्ही घर वापरा म्हणून स्टुडिओतल्या प्रेक्षकांनाच सेटवर सोडतो. शीर्षकगीतसुद्धा, हे या मालिकेचे शीर्षकगीत आहे आणि ते आता अर्धे संपत आले आहे, याच विषयावर आहे. अमेरिकन समीक्षकांना याचे फार अप्रूप वाटले. वगनाट्यातला सोंगाड्या कथानक अडवून समोरच्या रांगेशी गप्पा मारतो हे पाहिलेल्या मराठी माणसाला ते तितके वाटणार नाही, आणि खुद्द अमेरिकेतही पन्नासच्या दशकात जॉर्ज बर्न्स आपल्या मालिकेतून बाहेर येऊन प्रेक्षकांशी बोलत असे. आज ही मालिका पाहताना गंमत येते, पण ती चतुराईवर चालते, आणि काही भागांनंतर चतुराईचा थकवा येतो. तिचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. सिटकॉमच्या ज्या ठरीव सांगाड्याला शँडलिंग वैतागला होता, तो त्याने इथे प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत खिळखिळा केला, आणि मोकळ्या झालेल्या जागेत काय उभे करायचे हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला.

त्याचे उत्तर १५ ऑगस्ट १९९२ रोजी एचबीओवर आले. त्याच वर्षी २२ मे रोजी कार्सनने निवृत्ती घेतली होती, लेनो त्या जागी बसला होता, त्या जागेची आस असलेला दुसरा सूत्रसंचालक डेव्हिड लेटरमन दुखावला गेला होता, आणि रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमांमागे काय राजकारण चालते याविषयी सगळ्या देशात कुतूहल होते. ‘द लॅरी सँडर्स शो’ ही नेमक्या अशा एका काल्पनिक कार्यक्रमाच्या पडद्यामागची मालिका आहे. डेनिस क्लाइनबरोबर शँडलिंगने ती निर्माण केली, आणि ३१ मे १९९८ पर्यंत तिचे सहा मोसम झाले. लॅरी हा सूत्रसंचालक, स्वतः शँडलिंग. आर्टी हा त्याचा निर्माता, रिप टॉर्न. आणि हँक किंग्सली हा शेजारी बसून ‘हे नाऊ’ म्हणत हसणारा त्याचा जोडीदार, जेफ्री टॅम्बर. कार्यक्रमाचा भाग व्हिडिओवर, झगझगीत रंगांत दिसतो. पडदा पडला की चित्रण फिल्मवर जाते, रंग फिके होतात, कॅमेरा माणसांच्या मागे मागे कॉरिडॉरमधून फिरू लागतो आणि हशाचा आवाज पूर्ण बंद होतो. आज हे सगळ्या जगात रुळले आहे. त्या वेळी हशाच्या आवाजाशिवाय अर्ध्या तासाची विनोदी मालिका करायची म्हणजे कुठे हसायचे हे प्रेक्षकावर सोडायचे, आणि एवढे धाडस जाहिरातदारांवर चालणाऱ्या वाहिन्यांना परवडणारे नव्हते. वर्गणीवर चालणाऱ्या एचबीओला ते परवडले.

या मालिकेचा विषय शँडलिंग आपल्या लेखकांना असा समजावून सांगे, की ही एकमेकांवर प्रेम करणारी माणसे आहेत, पण मधे धंदा येतो. लेखकांना हे पेलणे सोपे नव्हते. विनोद वाटेल असे वाक्य तो बहुधा कापून टाकत असे. खरा माणूस या क्षणी एवढे हजरजबाबी बोलेल का, असे विचारत असे. इथे क्रिसीचा प्रश्न परत येतो. पात्र असे बोलणार नाही, हे आता तो स्वतः म्हणत होता, पण पात्राच्या आधीच्या लकबींकडे बोट दाखवून नव्हे. या माणसाला आत्ता कशाची भीती वाटते आहे आणि ती लपवायला तो काय बोलेल, हे त्याला हवे असे. तयार संहिता तालमीत पुन्हा लिहिल्या जात, चित्रीकरणाच्या आदल्या क्षणापर्यंत लिहिल्या जात, आणि लेखक येत-जात राहत. त्यातून जे टिकले त्यांची नावे मात्र पाहावीत: पुढे ‘न्यूजरेडिओ’ निर्माण करणारा पॉल सिम्स, ‘मॉडर्न फॅमिली’च्या दोन निर्मात्यांपैकी एक असलेला स्टीव्हन लेव्हिटन, पीटर टोलन, माया फोर्ब्ज आणि जड ॲपटाव. ॲपटावने शाळेत असताना शाळेच्या रेडिओसाठी शँडलिंगची मुलाखत घेतली होती, मग त्याने सूत्रसंचालन केलेल्या ग्रॅमी या संगीत-पारितोषिकांच्या सोहळ्यांसाठी विनोद लिहून दिले होते, आणि शेवटी तो इथे लेखक झाला.

मालिका काय करते हे एका भागावरून सांगतो. ‘हँक्स नाइट इन द सन’ या भागात लॅरीला अन्नातून विषबाधा होते आणि ऐन वेळी हँकला कार्यक्रम सांभाळावा लागतो. घाबरलेला, हात थरथरणारा हँक प्रामाणिकपणे आपली भीती बोलून दाखवतो आणि लोकांना तो फार आवडतो. रातोरात त्याचे डोके फिरते, दुसऱ्या रात्री तो ऐटीत येतो आणि सपशेल पडतो. एवढीच गोष्ट आहे. दुसऱ्या एखाद्या मालिकेने गर्वाचे घर खाली म्हणून प्रकरण मिटवले असते. इथे आपले लक्ष आजारी लॅरीकडेही जाते, कारण हँकचे कौतुक झालेले त्याला सोसत नाही आणि तो पडल्याचे सुख लपवणेही जमत नाही. टॅम्बरने हँकच्या रूपात जो माणूस उभा केला आहे, तो मूर्ख, लोचट, हावरा आणि तरीही इतका केविलवाणा आहे, की त्याच्यावर हसताना आपल्यालाच अवघडल्यासारखे होते. माझ्या मते अमेरिकन मालिकांतले हे सर्वांत चांगले लिहिलेले दुय्यम पात्र आहे, आणि या मतासाठी मी वाद घालायला तयार आहे.

लेखकांची खोलीही या मालिकेत पात्रासारखी येते. वॉलेस लँगहॅमने रंगवलेला फिल हा कार्यक्रमाच्या आरंभी लॅरी जे विनोद सांगतो त्यांचा लेखक चिडका, आळशी आणि पुरुषी अहंकाराने भरलेला आहे. पाचव्या मोसमात सारा सिल्व्हरमनने रंगवलेली वेंडी नवी लेखिका म्हणून येते, आणि तिचे विनोद चांगले असूनही फिल ते लॅरीपर्यंत पोहोचू देत नाही. विनोद चांगला की वाईट हे खोलीत कोण बोलले यावर ठरते, ही गोष्ट दूरचित्रवाणीने स्वतःबद्दल इतक्या उघडपणे क्वचितच सांगितली असेल. ‘बेटर कॉल सॉल’मुळे आपल्याकडे ओळखला जाणारा बॉब ओडेनकर्क इथे लॅरीचा निर्लज्ज एजंट आहे. स्वतःच्याच नावाने येऊन स्वतःची टिंगल करून घेणारे पाहुणे तर रांगेने आहेत. त्यांत लॅरीच्या प्रेमात पडल्यासारखा वागणारा डेव्हिड डुकोव्हनी पाहाच.

‘फ्लिप’ हा शेवटचा भाग शँडलिंग आणि टोलन यांनी लिहिला. लॅरीचा शेवटचा कार्यक्रम आहे आणि निरोपाला सगळे तारे आले आहेत. जिम कॅरी कॅमेऱ्यासमोर लॅरीसाठी गळा काढून गातो आणि ब्रेक लागताच त्याचा स्वर एकदम बदलतो. शॉन पेन ब्रेकमध्ये गॅरी शँडलिंग नावाच्या एका नटाबरोबर काम करणे किती जड गेले याचे गाऱ्हाणे लॅरीला ऐकवतो, आणि लॅरीला ते मुकाट्याने ऐकून घ्यावे लागते. मालिकेत लॅरीची जागा घेणारा तरुण म्हणजे स्वतःच्याच नावाने आलेला जॉन स्टुअर्ट, आणि गंमत अशी की काही महिन्यांनी, जानेवारी १९९९ मध्ये, खऱ्या आयुष्यात त्याच्याकडे ‘द डेली शो’ हा बातम्यांची खिल्ली उडवणारा रात्रीचा कार्यक्रम आला. या भागासाठी शँडलिंग आणि टोलन यांना लेखनाचे एमी हे दूरचित्रवाणीचे मानाचे पारितोषिक मिळाले. ५६ नामांकनांतून मालिकेच्या वाट्याला आलेल्या तीन एमींपैकी ते एक. उरलेली दोन रिप टॉर्नच्या अभिनयाला आणि याच भागाच्या दिग्दर्शनासाठी टॉड हॉलंडला. शँडलिंगला आयुष्यात मिळालेले हे एकच एमी, आणि तेही लेखनाचे.

मालिका चालू असताना सेटवर जे घडले ते पडद्यावरच्यापेक्षा सौम्य नव्हते. लिंडा डुसेट ही अभिनेत्री अनेक वर्षे शँडलिंगबरोबर राहत होती आणि हँकची मदतनीस डार्लीन हे पात्र करत होती. १९९४ साली त्यांचे संबंध संपले आणि तिला मालिकेतूनही काढण्यात आले. तिने दावा लावला आणि तो पैसे देऊन न्यायालयाबाहेर मिटवावा लागला. स्वतःच्या सोयीसाठी जवळच्या माणसाला दूर करणाऱ्या लॅरीवर आपण हसतो, तेव्हा हे विसरू नये. उलट बाजूने, १९९८ साली शँडलिंगने आपला अनेक वर्षांचा मॅनेजर ब्रॅड ग्रे याच्यावर दहा कोटी डॉलरचा दावा केला. ग्रेने आरोप फेटाळून प्रतिदावा केला आणि पुढच्या वर्षी प्रकरण तडजोडीने मिटले. आपल्या हाताखाली घडलेले लेखक ग्रेने दुसऱ्या मालिकांकडे वळवले, हा शँडलिंगच्या तक्रारींपैकी एक मुद्दा होता. पैशापेक्षा त्याला ते अधिक लागले असावे, असे मला वाटते.

१९९८ नंतरची अठरा वर्षे थोडक्यात सांगता येतात. माइक निकोल्सने दिग्दर्शित केलेला ‘व्हॉट प्लॅनेट आर यू फ्रॉम?’ हा त्याचा चित्रपट २००० साली आला आणि पडला. एमी सोहळ्यांचे सूत्रसंचालन त्याने २००० आणि २००४ मध्ये केले, आणि ‘ओव्हर द हेज’मधल्या कासवाला आवाज दिला. स्वतःची मालिका त्याने पुन्हा लिहिली नाही. तो मुष्टियुद्धाचा सराव करत असे, झेन बौद्ध मताचा अभ्यास करत असे, रविवारी त्याच्या घरी बास्केटबॉल खेळायला तरुण विनोदकार जमत, आणि त्यांच्या संहिता तो वाचून दुरुस्त करून देत असे. टुसॉनहून कागद घेऊन गेलेल्या पोराला कार्लिनने जे दिले होते, तेच हे. २००७ साली लॅरी सँडर्सचा डीव्हीडी संच निघाला, तेव्हा त्याने नेहमीच्या स्तुतिपर मुलाखती टाळल्या आणि कॅमेरा घेऊन तो जुन्या सहकाऱ्यांना प्रत्यक्ष भेटायला गेला. ॲलेक बाल्डविनशी तो मुष्टियुद्ध खेळत बोलतो. लिंडा डुसेटशीही बोलतो, आणि ती भेट पाहणाऱ्यालाही अवघड जाते. २४ मार्च २०१६ रोजी वयाच्या ६६ व्या वर्षी फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून तो गेला. दोन वर्षांनी ॲपटावने त्याच्या रोजनिशांवर आधारलेला चार तासांहून मोठा, दोन भागांचा माहितीपट एचबीओसाठी केला. त्यातल्या नोंदी विनोदी नाहीत. कमी बोल, खरे बोल, स्वतःला दाखवू नकोस, अशा स्वतःलाच दिलेल्या सूचना पानोपानी आहेत. दिग्दर्शकाने नटाला द्याव्यात तशा.

कुणाला आता सुरुवात करायची असेल तर माहितीपटापासून करू नये. त्यात माणूस आधी कळतो आणि मग प्रत्येक विनोदात भावाचा मृत्यू शोधायची सवय लागते. पहिल्या मोसमातल्या ‘द गार्डन वीझल’पासून करावी, ज्यात वाहिनीच्या हट्टापायी लॅरीला बागकामाच्या एका अवजाराची जाहिरात भर कार्यक्रमात करावी लागते. पहिल्या मोसमातले काही भाग आज संथ वाटतील, ते सोडून दुसऱ्याकडे गेले तरी चालेल. ‘फ्लिप’ मात्र शेवटीच पाहावा. आधीचे काही न पाहता तो पाहिला तर शॉन पेनच्या बोलण्यावर हसू येईल, पण हँक सगळ्यांना शिव्या घालून तरातरा निघून जातो आणि मग माफी मागायला परत येतो, त्या प्रसंगात आर्टी आणि लॅरी त्याच्याकडे तसे का पाहतात ते कळणार नाही.